पुकाऱ्याला ओ

हिंमत असेल तर यातला एक तरी शब्द खरा मानून दाखव. नाहीच मानणार तू, चार बुकं शिकलीस ना. बरं, कॉफी घे आणि गप ऐक.

आमची अल्बीना मिकेस्का त्या सकाळी कोर्टात गेली ती साध्याच कामाला. काढून टाकलेला दावा परत नंबरावर घ्या, म्हणजे पुन्हा चालवा, एवढंच सांगायला. त्याचं असं झालं, शेजारच्या एर्विन क्रेनेकनं जुन्या थडग्यांच्या जमिनीचा तुकडा विकत घेतला, भोवती काटेरी तार ठोकली, आणि तिथं गुरांसाठी तळं खणायचं ठरवलं. त्या तुकड्यात अल्बीनाचा नवरा मेथड पुरलेला, शेजारी तिची तान्ही पोर. तिनं दावा लावला, पण तारखेला हजर नाही म्हणून जजनं तो काढून टाकला. आता परत उभा राहिला नाही, तर सोमवारी बुलडोझर येणार.

टेक्ससचं ऊन बाहेर भाजतंय, आणि कोर्ट आतून अंधारलेलं. पंखा कुरकुरतोय. फरशीला चोळलेल्या मेणाचा वास.

"का आला नाहीत, मिकेस्काबाई?" जजनं विचारलं.

"आले होते साहेब. बाहेर बाकावरच बसले होते."

"मग पुकारा झाला तेव्हा?"

अल्बीनानं हातातला रुमाल पिळला. "ऐकला की. तीनदा. अगदी कानाशी. पण साहेब, व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं... आणि ओल्या मातीचा वास सुटलेला. आमच्या आजीनं बजावलेलं, माणूस दिसत नाही आणि हाक येते, तर ओ द्यायची नाही. ओ दिली की गेलं माणूस हाकेमागं. म्हणून मी तोंड दाबून बसले."

मागं एर्विन फिदीफिदी हसला. "काकी, भुताला तुझाच पत्ता बरा सापडला!"

"तुझाही सापडेल, मेल्या."

जजही गालात हसले. दाराशी बेलीफ उभा होता, म्हातारा डॉयल. त्याला म्हणाले, "तीनदा पुकारलंस ना रे?"

डॉयल हसला नाही. "नाही साहेब. त्या दिवशी घसा पार बसलेला, आवाजच फुटत नव्हता. मी दार उघडून नुसतं बघितलं. बाक रिकामा होता, म्हणून तुम्हाला 'नाही' अशी मान हलवली."

"होते की मी बाकावर," अल्बीना पुटपुटली.

डॉयलनं तिच्याकडं असं काही बघितलं, की तिनं स्वतःचाच हात चाचपला.

जजनं चष्मा काढला. "पुकाराच नाही, तर गैरहजेरी कसली? दावा परत नंबरावर घ्या. निकाल लागेपर्यंत त्या जमिनीला कुणी हात लावायचा नाही."

जिंकली बाई. पण हसावं की पळत सुटावं, तिला कळेना. कुणी पुकारलंच नाही, तर तिनं ऐकलं काय? आवाज बाईचा होता की बाप्याचा, तेही आता आठवेना.

"थांबा," एर्विन म्हणाला. त्याचं हसू कुठं गेलं कोण जाणे. "डॉयल, चेष्टा पुरे. तू पुकारलंस. त्या दिवशी मी खाली कॉफी पीत होतो, ऐकूनच तर वर आलो."

"काय ऐकलंस?"

"माझं नाव. तीनदा."

"मी नाही घेतलं, एर्विन."

"पण... मी ओ दिली ना," तो हळू म्हणाला. "तिन्ही वेळा."

जजनं घाईघाईनं फाईल मिटली.

जिन्यावर अल्बीना त्याच्या मागंच उतरत होती. भांडण विसरून त्याला घरापर्यंत सोबत करावी, असं तिच्या मनात येत होतं. मधेच तो थबकला, मान कलती केली. तिला तर पंख्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"एर्विन?"

"आलो, आलो..." तो म्हणाला. तिला नव्हे.

आणि ट्रक तिथंच सोडून उन्हात चालत गेला. थडग्यांकडं गेला असता तर तिला काही उमगलं तरी असतं. तो गेला बरोबर उलट्या बाजूला.

तो परत आलाच नाही. ट्रक अजून कोर्टापुढंच आहे. सकाळी त्याची काच आतून धुरकटलेली असते, श्वासानं होते तशी.

बघतेस काय माझ्या तोंडाकडं? ऊठ, जा आता.