खोलीची एक मिनिटाची शांतता

तुम्हाला पटो न पटो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत, आणि तेही भर दुपारी तीन वाजता.

मावशी टीव्ही मालिकांसाठी आवाज रेकॉर्ड करते. कान इतका तिखट, की आमच्या घरात कुजबुजायची सोय नाही.

त्या दिवशी शूटिंग एका निवृत्त तपास अधिकाऱ्यांच्या घरी होतं. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. साहेबांनी भलेभले गुन्हेगार हुडकून काढले होते. पण अकरा वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची मुलगी बेपत्ता झाली, तिचा मागमूस लागला नाही. मालिका त्यावरच होती. बघून कोणाला तरी काही आठवेल, एवढ्याच आशेवर त्यांनी घर दिलं होतं.

मुलगी गेली त्याच दिवशी साहेबांनी तिची खोली तपासली आणि दाराला सील ठोकलं. नोकरीतली सवय. पुरावा हलता कामा नये.

ते सील त्या सकाळी पहिल्यांदा निघालं.

शूटिंग आटोपलं, लोक गेले. मावशीचं एक काम उरलं होतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. ती मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवावी लागते, नंतर संवादांच्या मधे भरायला.

तिनं माईक आत ठेवला, दार ओढून घेतलं आणि हेडफोन लावून बाहेर उभी राहिली. शेजारी साहेब.

दहा सेकंद... काही नाही.

वीस सेकंद...

ठक ठक.

...ठक.

दारावर. आतून.

मावशीनं एक कान मोकळा केला. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं.

"काय झालं, ताई?"

तिनं हेडफोन त्यांच्या हातात दिले. साहेबांनी ते कानांवर चढवले; आत पुन्हा तसंच वाजलं.

"दोनदा, मग थांबून एकदा... माझी पोरगी असंच वाजवायची. मी गावोगाव शोधत फिरलो, ताई. आणि सील मीच ठोकलं होतं!"

"साहेब, उघडू नका. मला भीती वाटतेय."

"अकरा वर्षं बंदच ठेवलं की."

त्यांनी दार उघडलं.

खोली रिकामी. पलंग, टेबल, माईक.

पण हेडफोन साहेबांच्या कानांवरच होते. त्यांची मान हळूहळू वळली... माईककडून दाराकडे...

"पावलं," ते पुटपुटले. "थांब गं... थांब ना."

मग पावलं दाराबाहेर गेली आणि ऐकू येणं बंद झालं.

त्यांनी घाईघाईनं दार पुन्हा लावलं. "ताई, अजून एक मिनिट घ्या." मावशीनं घेतलं. मग अजून एक. अंधार पडेपर्यंत घेत राहिली. नुसती शांतता.

साहेब उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडले. "उघडायला नको होतं. निदान घरात तरी होती."

ते पहिलं मिनिट मावशीकडे अजून आहे. मीही ऐकलंय. दर रविवारी साहेबांचा फोन येतो, "ताई, तेवढं लावता का?" मावशी स्पीकरजवळ फोन धरते.

गेल्या रविवारी मी तिथेच होतो. रेकॉर्डिंग संपलं, मावशीनं मशीन बंद केलं.

आणि फोनमधून, साहेबांच्या घरातून, आवाज आला...

ठक ठक.

...ठक.

मग साहेबांनी अगदी हळू विचारलं,

"ताई, तिच्या खोलीचं दार उघडू... की नको?"