दस्तगीर मिस्त्रींची चिमूट

दस्तगीर मिस्त्रींनी इंजिनातली तेल मोजायची डिपस्टिक ओढली, टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घेतला आणि डोळे मिटून चोळला. बाकावर चहा पीत बसलेली माणसं बोलायची थांबली. पन्हाळ्याच्या पायथ्याशी, रत्नागिरी रस्त्यावरच्या या गॅरेजात हे तीस वर्षं असंच चाललं होतं. तेल किती पळालंय, त्यात लोखंडाचा चुरा उतरलाय का, भेसळ आहे का, हे मिस्त्रींची चिमूट सांगायची, आणि ती चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आज नवं होतं ते फक्त तेल.

"किती पळालंय म्हणता?" मिस्त्रींनी डोळे उघडले.

"चाळीस हजार किलोमीटर," केतकी आठल्ये म्हणाली. 'अक्षय' नावाचं नवं कृत्रिम तेल बनवणाऱ्या कंपनीची ती इंजिनियर. पुण्याहून ही टॅक्सी मुद्दाम मिस्त्रींना दाखवायला घेऊन आली होती, कारण या भागात मिस्त्रींनी मान हलवल्याशिवाय तेलाचा डबा खपत नाही, हे तिच्या साहेबांना कळलं होतं.

"हे तर काल घातल्यागत हाय."

"साध्या तेलाचे रेणू लहानमोठे असतात, कृत्रिम तेलाचे एकसारखे. म्हणून ते जास्त टिकतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अक्षयमध्ये शिवाय सांधकण नावाचे बारीक कण घातलेत. जिथे घर्षण आणि ऊब मिळेल तिथे ते चिकटतात आणि झीज भरून काढतात."

"म्हंजे इंजिन म्हातारं हुईतच न्हाई."

"निदान उशिरा होतं."

बाकावर शोभना घाटगे बसल्या होत्या. गडावरच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. "मिस्त्री, पण आमच्यासारख्यांना हे परवडेल का हो?" त्यांनी विचारलं. "माझी गाडी रोज सहा किलोमीटर वर जाते आणि सहा किलोमीटर खाली येते. तिला चौपट भावाचं तेल कशाला?"

प्रश्न शहाण्या बाईचा होता. केतकी जरा घुटमळली. कमी अंतर धावणाऱ्या गाड्यांवरच्या चाचण्या अजून संपल्या नव्हत्या, आणि तसं ती पुटपुटलीही. पण वीस माणसं मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत होती, आणि वीस माणसांसमोर "मला ठाऊक नाही" म्हणायची सवय मिस्त्रींना कधी लागलीच नव्हती.

"घाला बाई. चिमटीला कळलंय," ते म्हणाले.

केतकीने जाता जाता दोन गोष्टी केल्या. काड्यापेटीएवढं एक तेलपारखी यंत्र टेबलावर ठेवलं आणि डब्यावरची सूचना वाचून दाखवली, हातमोजे घालूनच हाताळावे.

"मोजे घालून तेल बघायचं म्हंजे नाक दाबून अत्तर घ्यायचं," मिस्त्री म्हणाले. माणसं खो खो हसली. यंत्र जळक्या स्पार्क प्लगांच्या खणात गेलं.

वर्षभरात आसपासच्या आठ गावांतल्या गाड्यांत अक्षय पडलं. मिस्त्री दिवसातून पंधरा वेळा ते चिमटीत चोळू लागले. मग एका सकाळी एक बारीक नट बसवताना त्याचे आटे बोटाला लागेनात. त्यांनी उजेडात जाऊन हात पाहिला. अंगठ्याची आणि तर्जनीची टोकं चिनी बशीसारखी गुळगुळीत झाली होती. दाभण टोचून पाहिलं. रक्त आलं नाही आणि दुखलंही नाही.

मिस्त्री अडाणी नव्हते, त्यांना तिथल्या तिथे उलगडलं. सांधकणांना घर्षण आणि ऊब हवी होती, आणि ती या चिमटीने दिवसातून पंधरा वेळा दिली होती. लोखंड आणि कातडं यांतला फरक त्या कणांना कुणी शिकवला नव्हता.

खणात यंत्र होतं. ते बाहेर काढलं असतं तर सगळं भागलं असतं. पण यंत्र काढायचं म्हणजे चिमूट गेली हे चारचौघांत सांगायचं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. मिस्त्रींनी मूठ झाकली. थेंब घ्यायचा, डोळे मिटायचे, चोळायचं आणि तोंडाला येईल ते सांगायचं. पूर्वीपेक्षा आता वेळ जास्त लागायचा आणि लोकांना तीही थोरवीच वाटायची. बहुतेकदा अंदाज बरोबर यायचा, कारण बहुतेक गाड्या ठीकच असतात.

श्रावणात शोभनाबाई आल्या. गाडी थंड असताना आतून खरवडल्यासारखा आवाज येत होता.

मिस्त्रींनी थेंब चोळला. त्या थेंबात रव्यासारखी कच होती. एका वेळी सहाच किलोमीटर धावणारं इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे सांधकणांचा थर कच्चा राहतो आणि खपलीसारखा सुटून तेलात फिरू लागतो. शिकाऊ पोराच्या बोटालाही ती कच लागली असती. मिस्त्रींच्या बोटाला काहीच लागलं नाही.

"तेल झकास हाय. बिनघोर जावा," ते म्हणाले.

नवव्या दिवशी गडावरून उतरताना दुसऱ्या वळणावर इंजिन जाम झालं. गाडी गिअरमध्ये होती, चाकं जागच्या जागी अडली आणि गाडी घसरत जाऊन दगडी कठड्यावर आदळली. डॉक्टरांनी बाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

मिस्त्री दवाखान्यात गेले. न जाऊन चाललं नसतं, लोकांनी विचारलं असतं. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक.

"मिस्त्री, माझंच काहीतरी चुकलं असणार ना?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तर स्वतः तेल बघितलं होतं."

एवढं बोलून त्या वाट बघत राहिल्या. खरं सांगायला याहून सोपी वेळ कुणाला मिळत नाही.

"समोर तेलाचा लाल दिवा लागला असंल बाई," मिस्त्री म्हणाले. "तुमचं ध्यान न्हाई गेलं."

बाईंनी मनात हिशेब मांडून पाहिला आणि मान हलवली. "असेल. त्या दिवशी पेपरांचे गठ्ठे होते, डोक्यात तेच होतं." त्यांनी डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मिस्त्रींना चहा सांगा. एवढ्या लांबून आलेत."

मिस्त्रींनी चहा घेतला. सगळा प्यायले.

घरी येताना ते लाजेची वाट बघत होते. रात्री येईल म्हणाले, उद्या येईल म्हणाले. आठवडा उलटला तरी ती आली नाही, जेवण गोड लागत राहिलं. याचं मात्र त्यांना भय वाटलं, आणि त्यांनीच पुण्याला फोन लावला.

केतकी दुसऱ्या दिवशी आली. तिने भिंग लावून त्यांची बोटं पाहिली.

"हे कधीपासून आहे?"

"सात-आठ म्हैने."

"आणि तरी तुम्ही हातानेच तेल बघत होता?" तिचा आवाज चढला. "शोभनाबाईंचं इंजिन मी उघडून पाहिलंय, मूठभर खपल्या निघाल्यात, मिस्त्री. त्या बिचाऱ्या म्हणतात, माझंच लक्ष नव्हतं."

मिस्त्रींनी हात तिच्यापुढे तसाच धरून ठेवला होता.

"बाई, एक इचारू? ह्ये कण आत कुठवर जात्यात?"

"आत?"

"बोटातनं वर. रगतातनं."

"नाही. कातडीच्या वरच्या थरातच अडकतात. नखाच्या मागेसुद्धा पोचत नाहीत. तेवढं आम्ही शंभर वेळा तपासलंय."

"मनगटाच्या वर?"

"नाही."

"छातीपातूर तर न्हाईच?" त्यांनी विचारलं. ती 'जातात' म्हणेल आणि लाज न येण्याचा दोष कणांवर जाईल, अशी त्यांना फार आशा होती.

"अशक्य आहे," केतकी म्हणाली. मग तिने भिंग खाली ठेवलं आणि काळजीने त्यांच्याकडे पाहिलं. "का हो मिस्त्री, छातीत काही होतंय का तुम्हाला?"