शकुनची नजर

बैल बुजला आणि राजवाडा फाटला!

झालं असं, की अमरावतीच्या कापूसबाजाराला शकुन स्वतः गाडी हाकत आली होती. आई गेल्यापासून घर-शेत तिनंच सांभाळलं, म्हणून विशी उलटली तरी लग्न राहून गेलेलं. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला तिथला कापूस मिळेना, वऱ्हाडचा सोन्याच्या भावानं जाऊ लागला, नि रस्ता गाड्यांनी असा तुंबला की तिचा बैल थेट कॅमेऱ्यानं तसबिरी काढणाऱ्या उस्ताद इनायतुल्लांच्या अंगणात शिरला. तिथे तसबिरीसाठी मागे टांगायचा, राजवाडा नि तळं रंगवलेला पडदा वाळत होता. शिंग आरपार!

"ओ बाई! तुमच्या बैलानं माह्या तळ्यात शिंग घातलं ना!" रंगानं बरबटलेला एक तरुण ओरडला.

"मंग तळं असं वाटेत कावून मांडलं? तहानलेला असन बिचारा."

तो हसतच सुटला. शालिकराम त्याचं नाव, शकुनच्याच जातीचा, रिद्धपूरकडचा. जमीन नाही म्हणून उस्तादांकडे पडदे रंगवायचा, नि वेगवेगळ्या तसबिरींतली माणसं कातरून एका राजवाड्यापुढे खळीनं चिकटवायचा. शकुन गाडी वळवून निघाली खरी... पण घर येईपर्यंत तिला एकटीलाच हसू येत होतं.

आठवडा झाला नाही तोच वडील भगवंतराव तिला त्याच अंगणात घेऊन आले. अकोल्याच्या दलालाच्या मुलाशी, वामनरावांशी, त्यांनी सोयरीक ठरवली होती. तिला विचारलं? छे! वामनरावांना कापसापुढे फुरसत नव्हती. तेव्हा त्यांची तसबीर अकोल्यात काढायची, हिची इथे, दोघांना जोडायचं नि साखरपुड्याला, कुंकवाच्या दिवशी, चारचौघांत मिरवायचं, असा थाटाचा बेत.

"हलू नका," शालिकराम तिच्या डाव्या हाताला उभा राहून म्हणाला. "पापणीबी लववू नका."

"मंग पाहू कोणीकडे?"

"...माह्याकडे."

तिनं पाहिलं. उस्ताद "हो गया, बेटी" म्हणाले, तरी दोघांपैकी कोणी हललं नाही.

महिन्याभरानं अकोल्याची तसबीर आली. शालिकरामनं बापलेकीसमोर पडद्याची तसबीर मांडली. तळ्यात शिंगाचं भोक तसंच होतं; त्यानं ते मुद्दामच बुजवलं नव्हतं. त्यावर कातरलेले वामनराव ठेवले, त्यांच्या डावीकडे शकुन. भगवंतराव वाकून पाहतात तर काय, पोरगी नवऱ्याकडून तोंड फिरवून भलतीकडेच गोड हसतेय!

"हे कोणाकडे पाहून हासून राहिली?"

"उजवीकडे ठेवली तर... नवऱ्याकडे पाहते," शालिकराम चाचरला.

"बायको डावीकडेच बसते! अकोलेवाले हासतीन. शकुन, पुन्हा बस."

"नाही बसत."

"काय?"

"मले न विचारता सोयरीक केली. बसवलं तिथं बसली. पण नजर माही हाय, बाबा. जिकडे गेली तिकडे गेली."

तसबिरीचा मसाला, म्हणजे रसायनं, पारखायला उस्ताद शालिकरामचीच तसबीर काढत. तसली एक भिंतीला टेकली होती. शकुननं ती घेतली नि सरळ कातर चालवली.

"खळ वाळली का मंग निघत नाही, बरं," शालिकराम हळूच म्हणाला. "काढाले गेलं तर फाटते. मीबी... तसाच हाव. त्या बैलाच्या दिवसापासून."

"मंग बोलले कावून नाही?"

"बोलून राहिलो ना आता!"

तिनं वामनरावांना बाजूला सारलं नि शालिकरामला आपल्या नजरेसमोर चिकटवलं. मग स्वतःला.

"अवो, त्याच्यापाशी वीतभर जमीन नाही!" भगवंतराव कडाडले.

"माह्या हाताले शेती येते."

"आन् बसली तर उजवीकडे!"

"लग्न लागेस्तोवर नवरी उजवीकडेच बसते, बाबा. डावीकडे बसवणं आता तुमच्या हाती."

उन्हात खळ वाळायला कितीसा वेळ लागतो! भगवंतरावांनी नखानं कोपरा उचलून पाहिला. निघेना. लेक पापणीही न लववता त्यांच्याकडे पाहत होती.

"पक्की हाय लेकाची," ते पुटपुटले. मग शालिकरामवर खेकसले, "पाहून काय राहिला? अकोल्याले निरोप मी धाडतो. तू पयले ते तळं बुजव. जावयाच्या तसबिरीत भोक नाही चालत मले!"