सात नंबर

रबाळे एमआयडीसीत आमची लॅब आहे. शेजारी फरसाणचा कारखाना, त्यामुळे गेटवर कायम तळलेल्या शेवेचा वास आणि आत गेलं की स्पिरिटचा. मी नामा, घणसोली गावातला, वय अठ्ठेचाळीस, कॉन्ट्रॅक्टवरचा टेक्निशियन.

काम सोपं आहे. आयव्हीएफमधे जोडप्यांचे गर्भ उरतात. त्यांनी सही करून दिले, तर त्या पाच दिवसांच्या ठिपक्यातून पेशी काढतात. या पेशी कोऱ्या. एक औषध घातलं की हार्टच्या बनतात, दुसरं घातलं की लिव्हरच्या, तिसरं घातलं की मेंदूच्या. कुठलं औषध, किती दिवस, ते साहेब लोक ठरवतात. डिशमधलं जुनं पाणी काढून नवं घालायचं, रोज, रविवारी पण, ते मी करतो.

उरलेल्या वेळात मी लोकांची फिरकी घेतो. नौमानच्या ग्लोव्हमधे एकदा भिजवलेला साबुदाणा भरला होता. बोटं आत गेल्यावर जो नाचलाय तो.

नौमान आमचा साहेब, पण आधी दोस्त. पूर्वी तो वाशीच्या एका क्लिनिकमधे होता. मी आणि माझी बायको सुचिता अकरा वर्षांपूर्वी तिथंच जायचो. आमचे दोन गर्भ बनले. एक तिच्या पोटात ठेवला, टिकला नाही. दुसरा फ्रीजरमधून काढताना गेला, हे आम्हाला नौमाननंच सांगितलं. सुचितासमोर बसून रडला तो. तिनं त्याला पाणी दिलं. पुढं मला इथं चिकटवलं ते पण त्यानंच.

आमच्याकडे नऊ जोडप्यांच्या पेशी आहेत. नावं नसतात, नुसते नंबर. सात नंबर बघणारी मुलगी यंदा सोडून गेली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. नौमान नको म्हणत होता. पण दुसरं होतं कोण?

पहिल्या आठवड्यातच सात नंबरचं हार्ट धडधडायला लागलं. त्यात विशेष काही नाही, हार्टच्या पेशी डिशमधे धडधडतातच. पण मी मायक्रोस्कोपला बसलो की यांचा स्पीड वाढायचा. नौमान म्हणाला, दिव्याची गरमी असेल. मग लिव्हरचं औषध घातलेली डिश धडधडली. मग मेंदूची. सात नंबरला काहीही पाजा, हार्टच होत होतं.

मला वाटलं, नौमान साबुदाण्याचा बदला घेतोय, बाटल्या बदलतोय. मी बाटल्यांवर बारीक खुणा करून ठेवल्या. खुणा जागच्या जागी होत्या.

एकदा मी कॉरिडॉरमधे वॉचमनला जोक सांगून हसत होतो. मधे दोन बंद दारं. आमची ज्युनियर राजश्री बाहेर आली. तिचा चेहरा कसासाच झालेला.

"काका, परत हसा."

"का गं?"

"तुमी हसलात की स्क्रीनवर ते उसळतंय."

मी परत हसलो. तिनं आत जाऊन बघितलं. त्यानंतर ती माझ्यासमोर सात नंबरचं नाव काढेना.

दरवर्षी आमी पेशी डीएनएला पाठवतो. सोबत सगळ्या स्टाफच्या गालातून कापसाची काडी फिरवून ती पण. कोणाची कातडी-बितडी डिशमधे पडून वाढली तर कळावं म्हणून. माझी काडी नौमान कधीच घ्यायचा नाही. म्हणायचा, कॉन्ट्रॅक्टवाल्यांची लागत नाही. यंदा पॅकिंग माझ्याकडे होतं. मला हुक्की आली. नौमानची काडी कचऱ्यात टाकली, त्याच्या नळीत माझी घातली. बघू म्हटलं, काय गोंधळ होतो.

रिपोर्ट आला. राजश्रीनं सगळ्यांसमोर वाचला. सात नंबर आणि नौमान सरांचा डीएनए निम्मा जुळतोय. बाप-लेकरासारखा.

सगळे खिदळले. कोणीतरी पेढे मागितले. सगळ्यात जोरात मी हसलो.

नौमान हसला नाही. लोक पांगल्यावर जवळ आला.

"काडी कोणाची होती, नामा?"

"माझी," मी म्हणालो. अजून हसतच होतो. मग माझंच बोलणं मला ऐकू आलं.



"तुमी परत येणार नव्हतात," तो म्हणाला. "दुसरा गेला नव्हता. तुमच्या नावानं सही मीच केली. फेकवलं नाही मला. म्हणून तर तुला इथं आणलं."

"आणलंस, की नजरेखाली ठेवलंस?"

अकरा वर्षं ईदला हा माणूस माझ्या घरी शीरखुर्मा घेऊन येतोय. सुचिता त्याला भाऊ म्हणते. मी साऱ्या रबाळ्याला गंडवतो, पण एवढी मोठी फिरकी मला सात जन्मांत जमली नसती.

"शुक्रवारी सात नंबर बंद करतो," तो म्हणाला. "सगळं जाळून टाकतो. वहिनीला कशाला सांगतोस? परत एकदा मरेल ती."

त्या दिवशी बुधवार होता.

गुरुवारी सकाळी मी सुचिताला घेऊन आलो. माझं काम दाखवतो, एवढंच म्हणालो होतो. रिक्षात तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं. ती बाहेर बघत होती, आज डब्यात काय दिलंय ते सांगत होती.

नौमान दारात उभा राहिला. आत आला नाही.

मी तिला टोपी घातली, स्टुलावर बसवलं. मायक्रोस्कोपखाली सात नंबरची डिश ठेवली. तिनं डोळा लावला. मी शेजारच्या स्क्रीनवर बघत होतो. धडधड चालू होती.

मग हळू झाली.

अजून हळू.

मग थांबली. तीन महिन्यांत ती एकदाही थांबली नव्हती.

आता सांगायलाच हवं होतं. मी घसा खाकरला.

सुचितानं मायक्रोस्कोपवरून डोळा उचलला नाही. उजव्या हातानं ती टेबलावर थोपटायला लागली होती, एका लयीत, अगदी हलकं. डावा हात वर करून तिनं मला थांबवलं.

"अहो, हळू बोला," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."