लुपेआत्या म्हणते, घरी चल

विश्वास ठेवू नका. आमच्या घरातही माझ्यावर कोणी ठेवत नाही. पण हे खरं आहे, आज दुपारी घडलंय.

अजून घडतंय.

गाव कोलोंगा, बेट टोंगाटापू. रविवार. म्हणजे दुकानं बंद, पोहणं बंद, कुदळीला हात लावणं तर पापच. चर्च, जेवण, झोप.

बाबांचं यकृत जुनं दुखणं. नर्सने बजावलं होतं, "कच्चे शिंपले खाऊ नका. ताप आला तर लगेच या."

बाबांनी काल कच्चे शिंपले खाल्ले. आज ताप आला, तरी घरीच. दोन्ही सूचना क्रमाने मोडल्या.

डावा पाय सुजून जांभळा पडला. फोड आले.

"दवाखान्यात नेऊया," मी म्हणालो.

"गप रे डॉक्टर!" फेकितोआ काका खेकसला. "कबरीत लुपेआत्याच्या हाडात झाडाचं मूळ घुसलंय. म्हणून भावाचा पाय ठणकतोय. उकरून मूळ काढलं की उतरेल."

"मग उकरा!"

"रविवारी?"

मग मूळ उपटणं हे काम की उपचार, यावर वाद. इकडे बाबा तापाने फणफणतायत!

"मी कुठेही येणार नाही," बाबा म्हणाले.

बाबांनी जन्मात एकाच माणसाचं ऐकलं. थोरल्या बहिणीचं. आमच्यात तिचा शब्द शेवटचा. पण लुपेआत्याला जाऊन दोन वर्षं झाली.

तेवढ्यात...

मागच्या खोलीतून खोकला. तंबाखूचा, ओला. तिचाच.

खोकला थांबला. वादसुद्धा.

"आलो, ताई," बाबा म्हणाले. त्या पायाने चालत गेले आणि गाडीत मागे बसले.

पुढची सीट मोकळी ठेवून.

वाटभर त्या मोकळ्या सीटच्या पट्ट्याचा इशारा वाजत होता. टूं... टूं... टूं...

शेवटी वैतागून मी हवेला पट्टा लावला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिंपल्यातले जंतू रक्तात पसरलेत. यकृत धड नाही, त्यांना अडवणार कोण? औषध सुरू केलंय, पण पाय काढावा लागेल. आत्ताच. नाहीतर जीव जाईल."

"ताईला विचारतो," बाबा म्हणाले.

कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत बराच वेळ ऐकत राहिले.

"नको म्हणते."

मी खुर्चीशी भांडलो. "आत्या, इथे तूच आणलंस ना त्यांना?" नर्सने माझाही ताप मोजला.

खुर्ची... जराशी मागे सरकली. कोणी उठल्यासारखी.

डॉक्टरीणबाई पुन्हा विचारून गेल्या. बाबा नुसते हसले.

"ताई म्हणते, घरी चल."

"कुठल्या घरी, बाबा?"

सांगत नाहीत. मी दार अडवून उभा आहे.

ते चपला शोधतायत.