माकुलाच्या पोटातली काडी

"अहो! तो कचरा आहे!"

मफाल्दाने बादलीतून हात काढला नाही. पोर्तू शहराजवळच्या मातोझिन्योशच्या मासळी बाजारात, सकाळी साडेआठ वाजता, ती माकूल, म्हणजे स्क्विड, साफ करणाऱ्याच्या ओट्यापाशी उकिडवी बसली होती. कोपरापर्यंत माकुलाची काळी शाई लागली होती.

"माहितेय. मला कचराच हवाय."

ओट्यावरून एक चेहरा वाकला. तिशीचा तरुण, रबरी एप्रन, भुवईवर चिकटलेला एक खवला.

"मांजरं किती पाळलीत?"

"एकही नाही."

"मग... स्वतःसाठी?"

तिला हसू आलं. तिने बादलीतून एक काडी उपसून उजेडात धरली. बोटभर लांब, पिसासारखी, काचेसारखी आरपार. "ही हवीय. प्रत्येक माकुलाच्या पोटात असते ना, ती. यापासून मी जेल बनवते. मऊ, पाण्याने भरलेलं. त्यात माणसाच्या पेशी सोडायच्या, त्यांनी तिथे घर करायचं... आणि एक दिवस झिजलेल्या गुडघ्यात नवी कूर्चा."

"आणि दुकानात असलं काही मिळत नाही?"

"पावडर मिळते. दर बाटलीत वेगळीच निघते. एकदा घट्ट, एकदा सूप."

तो मागे वळून ओरडला, "आई! या डॉक्टरीणबाईंना आपला कचरा हवाय!"

"मग देऊन टाक की!" पलीकडून त्याची आई, दोना आर्मिंदा, सार्डिन मोजता मोजता म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं फेकतेय. आली एकदाची कुणीतरी मागायला!"

त्याचं नाव तेल्मो. पुढच्या मंगळवारी त्याने काड्या वेगळ्या डब्यात काढून ठेवल्या होत्या. शुक्रवारीही. डबा द्यायला तो ओट्यामागून बाहेर आला, तेव्हा तो लंगडतो हे तिच्या लक्षात आलं. काकांच्या बोटीवर होता पूर्वी, गुडघा गेला आणि बाजारात आला.

"माझ्या गुडघ्यात कधी घालणार हे तुमचं जेल?"

मफाल्दाला खोटं बोलणं जमायचं नाही. "पंधरा वर्षं. कदाचित वीस. कदाचित... कधीच नाही."

"बाई, तुम्ही मासळी विकू नका हं कधी," तो म्हणाला. मग डबा पुढे करत, नजर मात्र डब्यावर न ठेवता, "म्हणजे पंधरा वर्षं दर मंगळवारी-शुक्रवारी येणार. चालेल मला."

मेट्रोत तिने एकच परिच्छेद सात वेळा वाचला. काय वाचलं, ते पोर्तूला उतरताना तिला सांगता आलं नसतं.

तिला मुळात स्थिर बसवतच नसे. त्या हिवाळ्यात तर तिच्या पायाला भिंगरीच लागली होती. जेलमधल्या पेशी एकवीस दिवस जगायला हव्या होत्या, डिसेंबरच्या मध्यापर्यंत. नाहीतर शिष्यवृत्ती संपणार होती आणि प्रयोगशाळेतलं तिचं टेबल दुसऱ्या कुणाला मिळणार होतं. प्राध्यापक तावारेश यांनी हे तिला अगदी प्रेमाने सांगितलं होतं, त्यामुळे जास्तच लागलं होतं. सुरुवातीच्या चाचण्या छान झाल्या. नोव्हेंबर उजाडताच तिने खरा प्रयोग लावला. अठरा नमुने. दिवसातून दहादा ती उबेच्या पेटीचं दार उघडायची, बंद करायची.

नवव्या दिवशी जेल पातळ झालं. अठराच्या अठरा नमुन्यांत. पेशी तळाशी गोळा होऊन मरून पडल्या होत्या.

ती उरलेल्या काड्यांकडे बघत बसली. किती पांढऱ्या... सुरुवातीच्या काड्या इतक्या पांढऱ्या नव्हत्या.

ती तशीच बाजारात गेली.

"या इतक्या पांढऱ्या कशा?"

तेल्मोचा चेहरा उजळला. "दिसलं ना? हल्ली दर वेळी ब्लीचमध्ये भिजवून घासतो. एकेक!"

"ब्लीच?" तिचा आवाज चिरकला. "ब्लीचने आतल्या रेणूंच्या साखळ्यांचे तुकडे होतात! तुला कुणी सांगितलं होतं? तुला काही कळतं का? माझं सगळं वर्ष तू बादलीत बुडवलंस!"

शेजारचे ओटे गप्प झाले. तेल्मोने सावकाश हात पुसले.

"निदान 'तू' तरी म्हणालात," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न त्याने केला, पण तो जमला नाही. "मला वाटलं... तुमचे हात घाण होतात."

ती निघून आली. रस्ताभर स्वतःवर चरफडत होती. काड्या नुसत्या पाण्याने धुवायच्या, हे तिने तरी कुठे सांगितलं होतं?

शुक्रवारी ती माफी मागायला गेली, तर ओट्यामागे दोना आर्मिंदा एकटीच.

"काकाच्या बोटीवर गेलाय. म्हणाला, ताज्यातला ताजा माल आणतो."

"पण गुडघा...?"

"तेच मी म्हटलं. ऐकतो कुठे!" तिने सुरी आपटली. "माझ्या पोराला तू चारचौघांत बोललीस. ते मी विसरणार नाही, सांगून ठेवते. आता बस, कॉफी पी. चेहरा बघ किती उतरलाय तुझा."

मफाल्दाला बसवेना. चार दिवस तिला कुठेच बसवेना. वारा सुटला होता, खाडीच्या तोंडावर लाटा धक्क्याला येऊन फुटत होत्या. ती प्रयोगशाळेत नळ्यांवर चुकीच्या तारखा लिहायची, पुसायची, कोट चढवून धक्क्यावर जायची. जेलचं काय होणार, हा विचारच ती विसरून गेली होती. हे लक्षात आलं तेव्हा ती ओल्या दगडावर मटकन बसली... आणि लगेच उठली.

मंगळवारी दुपारी बोट लागली. तेल्मो एकेक पायरी जपून उतरला. हातात बर्फाची पेटी.

"हात लावलेला नाही," तो म्हणाला. "धुतल्यासुद्धा नाहीत."

"माझं चुकलं."

"हो."

"तुमचंही."

"हो." दाढी वाढली होती, डोळे लाल होते. "आता पुन्हा अहो-जाहो?"

पेटी घेताना तिची बोटं त्याच्या बोटांखाली राहिली, गरजेपेक्षा जरा जास्तच.

पुन्हा अठरा नमुने लागले. पुन्हा दिवस मोजणं. पण आता रोज सकाळी फोनवर एक शब्द यायचा, "जगतायत?" ती उत्तर द्यायची, "जगतायत." नववा दिवस गेला. चौदावा गेला. चार नमुने ढासळले, ती रडली, तेही तिने त्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "चौदा आहेत ना अजून? चौदांकडे बघ."

एकविसाव्या दिवशी तिने त्याला प्रयोगशाळेत बोलावलं. कागदी टोपी, पांढरा अंगरखा, हातमोजे... तो इतका अवघडून उभा होता, जणू चर्चमध्ये नवरदेव!

"या सूक्ष्मदर्शकाला डोळा लाव. हिरवे ठिपके जिवंत. लाल मेलेले."

तो वाकला. मफाल्दा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली.

"हिरवंच हिरवं आहे," तो शेवटी म्हणाला. "कुणाच्या पेशी या?"

"एका आजीबाईंच्या. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फेकूनच देणार होते."

"आणि आता?"

"मला शिष्यवृत्तीचे आणखी सहा महिने मिळालेत. पुढचं माहीत नाही. तेल्मो, गुडघ्याचंही खरंच काही सांगता येत नाही, मी तुला—"

"मी गुडघ्याचं विचारत नाहीये." त्याने मान वर केली. टोपी डोळ्यांवर आली होती, ती त्याने मागे सारली. "बोटीवर चार दिवस होतो. सगळीकडे पाणी. डोक्यात मात्र तूच... येरझाऱ्या घालत."

मफाल्दा थांबली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती जागच्या जागी, अगदी स्तब्ध उभी राहिली.

"मीही," ती म्हणाली. "धक्क्यावर. चारही दिवस."

मग तिने आपले दोन्ही हातमोजे काढले. त्याचेही काढले, एकेक बोट सोडवत. त्या खोलीत तसं करायला सक्त मनाई होती, आणि तशी पाटी तिनेच दारावर लावली होती.