जळल्यावर हाक मारू नये

चालेम त्या संध्याकाळी फक्त दोन पातेली पोचवायला निघाला होता. विहारातली मोठी पातेली, दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी. चालेम म्हणजे माझा धाकटा भाऊ, तुम्ही सगळे त्याला ओळखता. आज तो आला नाही. मयताच्या घरी रात्री जागायला तो आता कुठंच जात नाही, आणि त्याचं कारण हेच.

नोक, तू मघाशी विचारलंस ना, की उद्या आजीला अग्नी दिला, तरी रोज तिचं ताट वाढायचं का? म्हणून सांगतोय. काय रे तॉन? हरत होतो म्हणून पत्ते टाकले? बरं, हरत होतो. आता गप्प बस आणि तो पंखा जरा माझ्याकडे फिरव.

तारीख पक्की आहे. मंगळवार, एकोणतीस ऑक्टोबर. अमावास्या तीन दिवसांवर होती. पावणेसहाला चालेमनं पिकअप काढली आणि तळ्याकडच्या रस्त्यानं प्रेबेनच्या घरी गेला.

प्रेबेन तुम्हांला आठवत असेल. डेन्मार्कचा. गाव त्याला पापा म्हणायचं. तिकडं तो फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. निवृत्त झाला, बायको आधीच सोडून गेली होती. तिकडच्या पेन्शनीत एक खोली आणि हिवाळ्याचं हीटरचं बिल, एवढंच व्हायचं. त्याच पेन्शनीत इथं फरशीचं घर झालं, आंब्याचं झाड झालं आणि सायबुआ झाली. तो लपवायचा नाही. मला एकदा म्हणाला, "तुई, मी इथं प्रेम करायला नाही आलो. एकट्यानं जेवायचा कंटाळा आला होता."

सायबुआही लपवायची नाही. "माझं छप्पर गळत होतं," ती बाजारात सगळ्यांदेखत सांगायची. "त्यानं छप्पर घातलं, मी भात घालते. तुमच्या नवऱ्यांनी काय घातलंय?"

तरी अकरा वर्षं गेली. अकरा वर्षं रोज साडेसहाला एका टेबलाशी बसल्यावर माणसं काहीतरी होतातच एकमेकांची. तो तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. आधी कोण जाणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. ती त्याला चिडवायची, "म्हाताऱ्या, घाबरू नको. तुझं सगळं मी करीन. तुला एकट्याला नाही जाऊ देणार."

आणि जुलैत तीच गेली. ताप आला, तिसऱ्या दिवशी संपलं.

पाच रात्री तिच्या शवाची पेटी घरात होती. आपल्याकडे जवळच्या माणसानं दोन्ही वेळा ताट वाढायचं, पेटीवर टकटक करायची आणि मयताला जेवायला बोलवायचं, हे त्याला विहारातल्या म्हाताऱ्या सेवेकऱ्यानं शिकवलं. त्याची भाषा कच्ची, पण तेवढे शब्द त्यानं घोकून पाठ केले. तीनदा टकटक. "सायबुआ, ये. जेव." एवढा उंच माणूस, पेटीसमोर गुडघ्यांवर बसून... बायका रडल्या. मी पण बाहेर जाऊन उभा राहिलो.

सगळं त्याला शिकवलं. अग्नी दिल्यावर हे थांबवायचं असतं, एवढं सांगायचं राहिलं. मला वाटलं, चालेमनं सांगितलं असेल. चालेमला वाटलं, भिक्खूंनी. भिक्खूंना वाटलं, एवढं कुणाला सांगावं लागतं का? आपल्यातल्या कुणाला सांगावं लागलंही नसतं.

तर चालेम पोचला तेव्हा सहा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी सायबुआचा शंभरावा दिवस, भिक्खू येणार होते. चालेमनं पातेली मागच्या ओट्यावर ठेवली आणि आत डोकावला. टेबलावर दोन ताटं. दोन्हींत भात, मासा, मिरचीची चटणी. प्रेबेन धुतलेला सदरा घालून बसलेला, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"कुणी पाहुणे येतायत का, पापा?"

"पाहुणे कसले? बस. तुझंही वाढतो."

"मग हे दुसरं कुणाचं?"

"तिचं."

चालेमला वाटलं, म्हाताऱ्याला आठवण येते, ठेवत असेल. माझी बायको गेली तेव्हा मीही दोन महिने दोन पेले काढत होतो. हात ऐकत नाही. पण तेवढ्यात घड्याळात साडेसहा झाले आणि प्रेबेननं मूठ वळली. टेबलावर टकटक करायला वर उचलली.

चालेमनं ते मनगट हवेतच धरलं.

"पापा! हे काय करताय?"

"बोलावतोय."

"कधीपासून?"

"रोज. तुम्हीच शिकवलंत." प्रेबेन हसला. "आधी नुसती पायऱ्यांपर्यंत यायची. पायांचा आवाज यायचा. मग दारापर्यंत. आता बसते."

चालेमनं त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. ती टेबलापासून थोडी मागं ओढलेली होती. कुणी बसायला जागा करावी, तेवढीच.

"पापा, ऐका माझं," तो म्हणाला. "पेटी घरात असेपर्यंत बोलवायचं. जळल्यावर हाक मारायची नाही. तिची निघायची वेळ असते. तुम्ही रोज हाक मारता, ती रोज परत फिरते. शंभर दिवस होत आले, तिला जाता आलेलं नाही."

प्रेबेननं वळलेली मूठ उघडली. मग म्हणाला, "मी तिला अडवून ठेवलंय?"

"तुम्हांला माहीत नव्हतं."

"पण अडवलंय."

"आज बोलवू नका. एवढी रात्र काढा. उद्या भिक्खू येतील, पाणी सोडतील, ती सुटेल."

"उपाशी राहील ती," प्रेबेन म्हणाला.

चालेमनं दुसरं ताट उचललं आणि अन्न तळ्याकाठी नेऊन टाकलं. परत आला तर प्रेबेन तसाच बसलेला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखा, चालेम म्हणाला. जेवलाही नाही.

त्याला एकटं सोडायला चालेमचं मन होईना. त्यानं बायकोला फोन केला. ती म्हणाली, "पातेली पोचवायला गेलास की पातेल्यात पडलास?" पण राहा म्हणाली. त्यानं पुढचं दार लावलं, कडी घातली. मागचंही. खिडक्यांना लोखंडी गज होतेच. नऊ वाजता प्रेबेन आपल्या खोलीत गेला. चालेमनं बाहेरच्या खोलीत, बरोबर त्याच्या दाराला आडवी चटई टाकली. आत जायचं तर त्याला ओलांडूनच जावं लागलं असतं.

पंखा चालू होता. तळ्यात बेडूक ओरडत होते. त्याला झोप लागली.

दोन वाजून दहा मिनिटं. फोनमध्ये पाहिलं म्हणून त्याला नक्की आठवतं. जाग कशानं आली ते कळलं नाही. मग कळलं. बेडूक थांबले होते. एकही नाही.

आणि वास. भाताचा. नुकतं झाकण काढल्यावर वाफेबरोबर येतो तसा. घरात चूल पेटलेली नव्हती.

मग...

टक. टक. टक.

लाकडावर. आतल्या खोलीत.

चालेमला राग आला. म्हाताऱ्यानं ऐकलं नाही म्हणून. तो उठला, दार ढकललं, फोनचा उजेड आत टाकला. "पापा, किती वेळा सांगितलं..."

प्रेबेन पलंगावर उताणा पडला होता. डोळे उघडे. दोन्ही हात चादरीवर, उघडे, स्पष्ट दिसत होते.

"मी नाही," तो म्हणाला. अगदी हळू.

टक. टक. टक.

पलंगाला. त्याच्या उशाच्या फळीला. चालेमनं उजेड तिकडं केला. फळी होती. भिंत होती. मध्ये हात घालायला जागा नव्हती.

मग आवाज. ओळखीचा. बाजारात बसून बोलणारा तो जाड आवाज नाही... घरातला. दमलेल्या माणसाला उठवतात तसा.

"म्हाताऱ्या. ये. जेव."

चालेमनं दाराची चौकट धरली. "ओ देऊ नका," तो म्हणाला. "पापा, काही झालं तरी ओ देऊ नका."

प्रेबेननं मान वळवली. त्याच्याकडे पाहिलं. आणि विचारलं,

"चालेम... अशी टकटक पेटीवरच करतात ना?"

चालेमनं नजर फळीकडे वळवली.

"जिवंत माणसाला कुणी असं उठवत नाही. हो ना?"

चालेमनं उजेड पुन्हा त्याच्या हातांवर आणला.

प्रेबेननं एकदा पलंगाकडे पाहिलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत. माप घ्यावं तसं. मग वर छताकडे.

टक. टक.

तिसरी टक आली नाही. ती थांबली होती. वाट बघत होती.

चालेम नमो तस्स म्हणायला लागला. जीभ वळेना. फोनचा उजेड हलत होता. त्या हलत्या उजेडात त्यानं पाहिलं... म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती ओसरत चालली होती. आणि चालेमला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

"आलो," प्रेबेन म्हणाला.

टक.

फोन विझला.

पुढचं त्याला आठवत नाही. पहाटे पाचला विहाराची घंटा झाली तेव्हा तो त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेला होता, पाठ चौकटीला टेकून. बेडूक ओरडत होते. पाच वाजून वीस मिनिटांनी त्यानं मला फोन केला. मी नुसता श्वास ऐकला आणि मोटरसायकल काढली. पुढच्या दाराची कडी त्यानंच आतून उघडली, मी बाहेर उभा होतो. मागचीही मी जाऊन पाहिली. आतून बंद होती.

तालुक्याच्या डॉक्टरनं लिहिलं, हृदय बंद पडलं. वय सत्त्याहत्तर, दुःखातला माणूस, कुणाला आश्चर्य वाटलं नाही. शंभराव्या दिवसाला आलेले भिक्खू त्याच्यासाठीही बसले. पाच रात्री पेटी ठेवली. दोन्ही वेळा ताट वाढलं. टकटक कुणी करायची यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघायचे. कुणीच केली नाही.

आता एक गोष्ट राहिली. ती मी डॉक्टरला सांगितली नाही, पोलिसालाही नाही. विचारलं तेव्हा मी म्हणालो, मीच केलं. चालेमवर बालंट यायला नको म्हणून. पण चालेमच्या हाताला त्या सकाळी इतका कंप होता की त्याला पेला धरता येत नव्हता.

मी खोलीत गेलो तेव्हा उजाडत होतं. चादर गळ्यापर्यंत नीट ओढलेली. मी ती खाली केली.

नोक, मयताला आपण आंघोळ घालतो, मग हातांचे अंगठे एकत्र बांधतो, पायांचे बांधतो. घरचं माणूस बांधतं. परवा आजीचे तुझ्या आईनं बांधले, तू पाहिलंस.

प्रेबेनचे बांधलेले होते. हातांचे आणि पायांचे. पांढऱ्या सुती दोऱ्यानं, तीन तीन वेढे.

मी गाठीला बोट लावलं. दोरा अजून ओला होता.